उपशामक म्हणजे ‘मृत्युपंथावरील’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात पान तीनवर आपण बातमी दिलीत : ‘मृत्युपंथावरील रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष’. बातमी चांगली आहे, मथळा वाईट आहे. त्याच अंकाच्या अग्रलेखात पीकविम्याच्या संदर्भात ‘ही तर वरवरची मलमपट्टी’ असं एक वाक्य होतं. दोन्ही एकाच चहाबरोबर वाचलं आणि चहा गार झाला. मी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत नोकरी केली आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. शेवटची सात वर्षं तुम्ही ज्याला ‘मृत्युपंथ’ म्हणता त्याच ओपीडीत होते. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कात्री चालवायची ती चालवा, पण पुढं एका आजींची हकिकत आहे, तो मजकूर तेवढा ठेवा.

तुमच्या वार्ताहराची अडचण मला कळते. इंग्रजीत शब्द आहे ‘पॅलिएटिव्ह’. आजार मुळापासून जाणार नाही असं दिसत असताना दुखणं, मळमळ, धाप, जखमेचा वास, झोप न लागणं, घरच्यांची घालमेल हे सगळं आटोक्यात ठेवायचं, ती ही सेवा. एवढं मथळ्यात मावत नाही. आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवला तर काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या दारावर देवनागरीत ‘पॅलिएटिव्ह’ अशी पाटी लावली होती. पहिल्याच महिन्यात एका बाईंच्या भावकीत बोभाटा झाला की त्यांना ‘पॉझिटिव्ह’वाल्यांच्या खोलीत नेतात. नवरा तरातरा भांडायला आला. कुणी असली बदनामी केली म्हणून अर्धा तास बोलत होता. त्याला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला.

मग मराठीत काय म्हणायचं? वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत लक्षणांवरच्या उपचाराला ‘लाक्षणिक उपचार’ म्हणतात. शब्द अगदी बरोबर. पण आपल्याकडे लाक्षणिक म्हटलं की लाक्षणिक उपोषण आठवतं. सकाळी दहाला मांडवात बसायचं आणि संध्याकाळी पाचला मोसंबीचा रस घेऊन उठायचं. ‘तुमच्या आईवर लाक्षणिक उपचार करू’ असं ऐकल्यावर मुलाला काय वाटेल? नावापुरते करणार, असंच ना?

‘पॅलिएटिव्ह’चं मूळ मला २००९ साली कळलं, केरळात कोझिकोडला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा. पहिल्याच तासाला डॉक्टरांनी पडद्यावर एका झग्याचं चित्र दाखवलं. लॅटिनमध्ये ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर ओढून घ्यायचं मोठं वस्त्र, झूल म्हणा, घोंगडी म्हणा. त्यावरून ‘पॅलियारे’, म्हणजे पांघरूण घालणं. युरोपातल्या जुन्या लॅटिन वैद्यकग्रंथांत ‘क्युरा पॅलिएटिवा’ असा शब्दप्रयोग सापडतो, आणि त्याला दोन्ही वास होते. एक, रोग्याला ऊब देणारा. दुसरा, रोग तसाच ठेवून वर कापड टाकणारा, म्हणजे फसवा. शवपेटीवर टाकायच्या कापडाला इंग्रजीत ‘पॉल’ म्हणतात, तोही ह्याच पॅलियमचा वंशज.

मला तिथं बसल्याबसल्या हसू आलं. आपल्या मराठीत ‘पांघरूण घालणं’ ह्याचीही हीच गत आहे की! पोराच्या चुकांवर आई पांघरूण घालते तेव्हा शेजारीण नाक मुरडते. आणि रात्री उठून त्याच पोराच्या उघड्या पायांवर आई पांघरूण घालते तेव्हा कुणी काही म्हणत नाही. क्रिया एकच. लॅटिन आणि मराठी ह्यांची कधी भेट झाली नसेल, पण माणसं दोन्हीकडची थंडीनं कुडकुडणारी आणि चुका झाकणारीच. माझं चाललं असतं तर मी पाटीवर ‘पांघरूण’ असंच लिहिलं असतं. पण मग सोलापुरी चादरींचं वाटप कुठं आहे म्हणून रांग लागली असती.

ह्या सेवेला आजचं नाव मिळालं त्याची हकिकत नाव बदलण्याचीच आहे, म्हणून ती तुमच्या मथळेवाल्यांना सांगावीशी वाटते. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली साँडर्स ह्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारी जागा. बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या (आम्हा नर्सेसना हा क्रम सांगायला फार आवडतो). दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं, घरचं, पैशाचं, देवाधर्माचं सगळं मिळून एक दुखणं होतं, हा त्यांचा विचार. ‘हॉस्पिस’ शब्द लॅटिनमधल्या पाहुणा-यजमान ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेला, हॉस्पिटलही त्यातलंच. त्यांचं काम पाहून कॅनडाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ बाल्फर माउंट ह्यांनी माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात तसाच विभाग काढायचं ठरवलं. पण माँट्रियल फ्रेंच बोलणारं गाव. तिथं ‘हॉस्पिस’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं निराधारांचं आश्रयस्थान उभं राहायचं. नावानंच माणूस दारातून मागं फिरणार, हे ओळखून माउंटनी १९७४ च्या सुमारास ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द पुढं आणला. म्हणजे बघा, लोकांना मरणाचा धसका बसू नये म्हणून जो शब्द मुद्दाम शोधला, त्याचंच भाषांतर तुम्ही ‘मृत्युपंथावरील’ असं केलंत.

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली देशातलं पहिलं हॉस्पिस निघालं, त्याचं नाव मात्र मला फार आवडतं : शांती अवेदना सदन. अवेदना. वेदना नसणं. त्यात मरणाचा म सुद्धा नाही.

केरळातही शब्दानं मला एकदा चकवलं. तिथं गल्लोगल्ली ह्या सेवेची केंद्रं आहेत. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि मंडळींनी एक छोटा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, त्यातून हे सगळं पसरलं. पुढं २००८ साली केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच आखलं. एका जीपवर मल्याळम पाटी होती. मैत्रिणीला वाचायला सांगितली तर ती म्हणाली, ‘सांत्वनम्.’ मी चपापलेच. आपल्याकडं सांत्वनाला जातात ते माणूस गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पांढरी साडी नेसून. म्हटलं, जिवंत माणसाच्या दारात ‘सांत्वन’ लिहिलेली गाडी कशी काय उभी करतात? मैत्रिणीला माझा प्रश्नच कळेना. तिच्यासाठी सांत्वन म्हणजे धीर देणं, बास. संस्कृत शब्द एकच, पण आपल्याकडं येताना तो स्मशानावरून आला आणि तिच्याकडं अंगणातून. त्या दिवसापासून कोशात दिलेल्या अर्थापेक्षा शब्द कुठल्या प्रसंगी तोंडात येतो इकडं माझं जास्त लक्ष जातं.

आता आमच्या घरातला शब्द. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, पाटण तालुक्यात वैद्यकी करायचे. दम्याचा जुना पेशंट आला की त्याची नाडी सोडताना ते स्वतःशी पुटपुटायचे, ‘याप्य आहे.’ लहानपणी मला वाटायचं, हे रोगाचंच नाव. चरकात रोगांचे प्रकार सांगितलेत : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, मग असाध्यातले दोन, याप्य आणि ज्याला हात लावू नये तो. याप्य म्हणजे मुळातून जाणार नाही, पण औषध-पथ्य चालू आहे तोवर माणूस चालता-बोलता राहील असा. ‘या’ म्हणजे जाणं. यापन म्हणजे जाऊ देणं, चालवून नेणं. आपण कालयापन म्हणतो त्यातलं यापन हेच. सुश्रुतानं त्याला दिलेला दृष्टान्त अण्णांना पाठ होता : ‘प्रपतिष्यदिवागारं विष्कम्भः साधुयोजितः’. पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा धरून ठेवतो, तसा उपचार ह्या रोग्याला धरून ठेवतो. टेकू काढला की संपलं.

हा टेकू मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. (लंडनला साँडर्सबाईंचं हॉस्पिस निघालं तेही त्याच वर्षी, हे मला फार पुढं कळलं.) आमच्या दवाखान्याची उत्तरेकडची भिंत बाहेर कलली. नवी बांधायला पैसे नव्हते. गवंड्यानं दोन सागवानी वासे तिरके लावले आणि त्यांच्या बुडाशी दगड रचून पाचर मारली. दर पावसाळ्याआधी अण्णा पाचर ठोकून बघायचे, ढिली झाली असली तर गवंड्याला बोलवायचे. ती भिंत तशीच, त्या टेकूवर, आणखी सतरा वर्षं उभी राहिली. तिच्या सावलीत अण्णांनी किती पेशंट तपासले त्याची मोजदाद नाही. ‘ही भिंत बरी झालेली नाही,’ ते म्हणायचे, ‘पण पडलीय कुठं?’

आता गंमत बघा. पेशंटचे नातेवाईक येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टरांनी हात टेकले.’ हात टेकणं आणि टेकू देणं, दोन्हींत टेकणंच. मधे फरक आहे तो पाचर मारायला कुणी खाली वाकतं की नाही एवढाच. सगळं जुनं ते सोनं असंही मला म्हणायचं नाही. याप्याच्या पुढचा जो शेवटचा प्रकार, त्याला जुन्या ग्रंथांनी ‘प्रत्याख्येय’ म्हटलंय. म्हणजे नकार द्यावा असा. वैद्यानं तिथं पडू नये, अपयश पदरी येतं. अण्णांना हे पटत नसे. ते औषध देत नसत, पण जाऊन बसत.

आमच्या वॉर्डात एक सिस्टर बौद्ध साहित्य वाचणाऱ्या होत्या. याप्यचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, आमच्या त्रिपिटकात भगवान आजारी भिक्खूला भेटायला गेले की हेच विचारतात : कच्चि खमनीयं, कच्चि यापनीयं?’ सोसवतंय ना? चाललंय ना? पाली यापनीय आणि अण्णांचं याप्य एकाच धातूचे. आणि आपण रस्त्यात भेटल्यावर ‘काय, कसं काय?’ ‘चाललंय’ म्हणतो ते दुसरं काय असतं? ‘बरा झालास का’ असं भगवानांनी विचारलेलं नाही. मराठीलाही हा भेद चांगला कळतो. ‘बरं होणं’ वेगळं आणि ‘बरं वाटणं’ वेगळं. आमच्या ओपीडीचं सगळं काम ह्या दुसऱ्या क्रियापदावर चालायचं.

‘पॅलिएटिव्ह’ला सरकारी कागदांत ‘उपशामक’ लिहितात. आधी मलाही तो शब्द कोरडा वाटायचा, फाइलीतला. तो मला एका शाळकरी पोरीनं आवडता केला.

एक आजी होत्या. जन्मभर मिश्री लावलेली. गालाच्या आतून सुरू झालेला कॅन्सर बाहेरून फुटला होता. मोठ्या रुग्णालयातून घरी पाठवलेलं. मुलानं कुठल्याशा पेपरात (तो तुमचा नव्हता, हे कबूल करते) आमच्या ओपीडीची बातमी वाचलेली, आणि तिच्यात ‘अखेरच्या घटका मोजणाऱ्यांसाठी’ असं काहीसं लिहिलेलं. त्यानं आईला आणायलाच नकार दिला. मी घरी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून म्हणाला, ‘आवं सिस्टर, तितं मरायला नेत्यात. म्या आईला माज्या हातानं कसा नेऊ?’ तीन आठवडे गेले त्यात. आजी रात्रभर कण्हायच्या. खोलीत जखमेचा वास इतका की सुनेनं दाराशी धूप जाळत ठेवलेला, आणि नातवंडांना मागच्या पडवीत झोपवायचे.

शेवटी मुलाला नाही पटलं, नातीला पटलं. दहावीतली पोर. तिनं विचारलं, तिथं नेमकं करतात काय? मी म्हटलं, उपशामक उपचार. ती म्हणाली, ‘म्हणजे अग्निशामकसारखं?’ मी गप्पच झाले. चौतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. शम् म्हणजे शांत होणं. आगीचा बंब शामक, दुखण्याची गोळी शामक. आजी तोंडातून नीट बोलू शकत नव्हत्या, पण त्यांचं रोजचं गाऱ्हाणं ‘तोंडात आग पडलीय’ हेच होतं. नात आत जाऊन म्हणाली, ‘आज्जे, आग इजवायला जायचंय.’ आणि आजी उठून बसल्या.

डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. जोडीला पोट साफ ठेवायचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ ठरलेला. मॉर्फिन मूळचं अफूतलं, म्हणून लोक बिचकतात. अफू हा शब्द ग्रीक ‘ओपियॉन’वरून अरबीमार्गे आपल्याकडं आला, अर्थ नुसता चीक, रस. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर तर ते मिळवण्यासाठी इतके परवाने लागायचे की रुग्णालयंच नको म्हणायची. २०१४ च्या दुरुस्तीनं ते काहीसं सोपं झालं. जखमेचं मी केलं. मिठाच्या सलाइननं हलक्या हातानं धुवायची, मेट्रोनिडॅझोल ह्या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या खलात कुटून बारीक पूड करायची, ती जखमेवर भुरभुरवायची, वर ओलसर गॉज. सुनेला दोनदा दाखवलं, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर केलं. चार-पाच दिवसांत वास गेला. पुढच्या भेटीला गेले तर धूप बंद होता आणि धाकटा नातू आजीच्या मांडीवर पाय टाकून गोट्या मोजत होता. आजी तांदळातले खडे निवडत होत्या. मुलगा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला, पण एक शब्द बोलला नाही. त्याला ते तीन आठवडे आठवत असणार. आजी त्यानंतर साडेचार महिने होत्या.

कॅन्सर तसूभरही कमी झाला नव्हता. मलमपट्टीच होती ती, शब्दशः. म्हणून अग्रलेखातलं ते वाक्य मला लागलं. मलम हा अरबी ‘मरहम’चा आपल्याकडं झालेला अवतार, जखमेवर लावायचा लेप, ह्यापलीकडं त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही. ‘वरवरची’ हे विशेषण त्याला राजकारणानं चिकटवलं. पीकविम्याचे पैसे कमी पडले असतील तर ‘पैसे कमी पडले’ असं लिहा ना. जखम धुवायला किती वेळ लागतो, गॉज चिकटला तर तो भिजवून कसा सोडवायचा, हे ज्यानं केलंय तो मलमपट्टीला वरवरची म्हणणार नाही.

आता तुमच्या मथळ्याबद्दल शेवटचं. ‘मृत्युपंथावरील’ हे माहितीच्या दृष्टीनंही चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली जी व्याख्या केली तीत ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, किमोथेरपी-रेडिएशन चालू असतानाही द्यायची असं म्हटलंय. मृत्यू लवकर आणायचा नाही आणि लांबवायचाही नाही, हेही तीत आहे. आमच्याकडं किमो घेता घेता दुखण्यासाठी येणारे कितीतरी होते आणि त्यातले काही आज बाजारात मला भेटतात. ‘काय सिस्टर, ओळखलं का?’ म्हणून हाक मारतात. त्यांना मृत्युपंथावर पाठवायचा अधिकार पान तीनला कुणी दिला?

तेव्हा नव्या कक्षाची पुढची बातमी येईल तेव्हा ‘उपशामक’ लिहा, आणि पहिल्या वेळी कंसात ‘दुखणं कमी करणारी’ असं द्या. जागेची सबब सांगू नका, मी बोटांवर मोजून पाहिलंय. ‘मृत्युपंथावरील’ ह्यात सात अक्षरं आहेत, ‘उपशामक’ ह्यात पाच.

कळावे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
कराड